चौथी सीट आणि भरलेली वाटी

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरे)

मागील अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, रोजच्या धावपळीत मन प्रसन्न ठेवणारी त्यांची एखादी लहानशी सवय कोणती. उत्तरे आलीच, पण त्यांहून जास्त प्रश्न आले, आणि त्यांतले बरेचसे मनाला चटका लावणारे होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली त्यांपैकी सहा पत्रे या वेळी घेत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत आणि लांबलेला मजकूर थोडा आवरता घेतला आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ४१. मी कासारवडवलीला राहते आणि नोकरीसाठी रोज अंधेरीला जाते. सकाळी साडेसहाला घर सोडते, परतायला रात्रीचे साडेआठ वाजतात. मैत्रिणीच्या सांगण्यावरून जानेवारीत एक छान वही आणली आणि झोपण्यापूर्वी रोज पाच चांगल्या गोष्टी लिहायला सुरुवात केली. आठवडाभर बरे वाटले. पुढे 'घर आहे, नोकरी आहे, मुले निरोगी आहेत' हेच पुन्हा पुन्हा लिहिले जाऊ लागले आणि बाराव्या दिवशी वही बंद पडली. आता ती कपाटात दिसली तरी अपराधी वाटते. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात. मला बारा दिवसही जमले नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : तुमच्यात काहीही कमी नाही. चौदा तास घराबाहेर काढून आलेल्या बाईने झोपेच्या वेळेतून आणखी एक काम अंगावर घेतले आणि ते अकरा दिवस निभावले, हे मला तरी पुष्कळ वाटते. वही का बंद पडली, याचे कारणही तुमच्याच पत्रात आहे. रोज तेच वाक्य लिहिले की मन ते वाचतसुद्धा नाही. देवळातल्या घंटेचा आवाज शेजारी राहणाऱ्याला जसा ऐकू येईनासा होतो, तसेच हे आहे.

अशी वही लिहिण्याची कल्पना ज्या संशोधनामुळे सर्वदूर पोहोचली, ते रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या पहिल्या प्रयोगातील विद्यार्थ्यांनी कृतज्ञता वाटावी अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या होत्या, पण त्या आठवड्यातून एकदाच आणि दहा आठवडे. आठवड्यातले त्रास लिहून काढणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असेही आढळले की, आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना तो झाला नाही. 'रोज पाच' हा नियम अनेकांना झेपत नाही, त्यात नवल नाही.

एकवीस दिवसांचेही तसेच आहे. एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० च्या सुमारास असे नोंदवले होते की, शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान तीन आठवडे लागतात. त्या निरीक्षणाचा पुढे सगळ्याच सवयींसाठी नियम होऊन बसला. प्रत्यक्षात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साध्या सवयींचा बारा आठवडे अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागतात असे दिसले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते : एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. तुम्ही वही मिटली त्या दिवसापासून स्वतःला दोष देत आहात. तेवढे मात्र आजच थांबवा.

आता काय करता येईल ते सांगते. वही कपाटातच राहू द्या. सवय नेहमी आधीपासून ठरलेल्या कामाला बांधलेली बरी. तुम्ही परतताना मेट्रोने घाटकोपरला येऊन ठाण्याची गाडी पकडत असाल, तर ठाण्याला उतरण्याआधीची पाच मिनिटे या कामासाठी ठेवा. गर्दीत हात हलवायला जागा नसते, त्यामुळे लिहिणे नकोच. आज घडलेला एकच प्रसंग मनात पुन्हा पाहायचा. इथे 'प्रसंग' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. 'मुले निरोगी आहेत' हे नुसते शीर्षक झाले. 'माजिवड्याच्या सिग्नलला बस अडकली होती, तेव्हा मुलीचा फोन आला आणि कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते तिने विचारले. मी न सांगता तिने भात लावला होता,' हा प्रसंग झाला. त्यात आवाज आहे, वेळ आहे, जागा आहे, आणि असा प्रसंग दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा पुन्हा येत नाही, म्हणून तो शिळा होत नाही.

आणखी एक गोष्ट करा. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चहाच्या वेळी म्हणा, त्यांतला एक प्रसंग ज्याच्यामुळे घडला त्या माणसाला सांगा. 'त्या दिवशी तू भात लावलास, तेव्हा माझा सगळा शीण उतरला,' हे मुलीला एकदा ऐकू द्या. या संपूर्ण विषयात मला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो आणि तो म्हणजे 'दखल'. आपण दखल घेतली, हे वहीला कळून फारसा उपयोग नाही. ते मुलीला कळले पाहिजे. पूर्वी दिवेलागणीला घरातली माणसे हातातले काम ठेवून क्षणभर एकत्र येत, तेव्हा अशा गोष्टी बोलायला आपोआप जागा मिळे. आता ती जागा आपल्याला ठरवून काढावी लागते.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा असून राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे. गिरगावातल्या चाळीत चाळीस वर्षे काढली. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली, त्यानंतर मुलाने मला नेरुळला आपल्याकडे आणले. मुलगा-सून चांगले आहेत, कशाची वाण नाही. पण इथे लिफ्टमध्ये सात-आठ माणसे असतात आणि सगळे मोबाइलकडे बघत असतात. चाळीत सकाळी गॅलरीत उभे राहिले की चार जणांशी बोलल्याशिवाय आत येता येत नसे. या वयात नव्याने ओळखी कशा करायच्या? लोकांना आगाऊपणा वाटेल, असेही मनात येते.

उत्तर : तुमच्या पत्नीची उणीव कुठल्याही सवयीने भरून निघणार नाही, आणि तसे मी सुचवतही नाही. परंतु पत्नी नसण्याचे दुःख आणि दिवसभर कुणाशी न बोलल्याचा कोंडमारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीवर इलाज आहे.

आधी आगाऊपणाच्या भीतीबद्दल. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये शिकागोच्या गाड्यांमधून आणि बसमधून प्रवास करणाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, काहींना गप्प बसायला आणि काहींना नेहमीसारखा प्रवास करायला. बोलण्यापेक्षा गप्प बसलेलेच बरे वाटेल, असा लोकांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास सर्वांत सुखाचा झाला. समोरच्याला आपले बोलणे नको असेल, असे दोघेही मनात धरून बसलेले असतात आणि त्यामुळे दोघेही गप्प राहतात. तुमच्या लिफ्टमध्ये नेमके हेच चालले आहे.

खरे तर हे शिकायला आपल्याला शिकागोला जायची गरज नाही. गिरगावात राहून तुम्ही लोकलने फिरलाच असाल. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकता यावे म्हणून तिघे थोडे थोडे सरकतात, आणि 'कुठे उतरणार?' या दोन शब्दांवर अनोळखी माणसे बोलू लागतात. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या गाडीतही मी हे रोज पाहते. महिलांच्या डब्यात तर भाजी निवडली जाते, भजने होतात, हळदीकुंकू होते, एखादीचे डोहाळजेवणही होते. चौथी सीट म्हणजे खरे तर अर्धीच जागा; पण ती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही, आपली कुणीतरी दखल घेतली असे वाटते. ही कला तुमच्या अंगात आहे. ती लिफ्टच्या दारापर्यंत येऊन थांबली आहे, इतकेच.

चाळीसारख्या जिवाभावाच्या ओळखी पहिल्याच महिन्यात व्हाव्यात, अशी अपेक्षा मात्र धरू नका. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या संशोधनात असे दिसले की, नुसत्या तोंडओळखीच्या माणसांशी झालेल्या दोन-चार शब्दांमुळेही माणसाचा दिवस चांगला जातो. भाजीवाली, इस्त्रीवाला, पेपर टाकणारा मुलगा, रखवालदार, औषधाच्या दुकानातला माणूस हे सगळे त्यात आले. यासाठी दोन गोष्टी लागतात : जागा तीच हवी आणि वेळ तीच हवी. नेरुळला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या पाण्याभोवती फिरायला जाणारे पुष्कळ आहेत. रोज एकाच वेळी जा आणि एकाच बाकावर थोडा वेळ बसा. पहिले आठ-दहा दिवस नुसती मान हलवली तरी चालेल. त्यानंतर असे काहीतरी विचारा, जे समोरच्याला ठाऊक आहे. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिकडच्या खाडीकाठी आणि पाणथळीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'आज किती दिसले?' एवढे विचारून पाहा. आपल्याला माहीत असलेले सांगायला मिळाले की माणूस खुलतो.

माझा एक अनुभव सांगते. नऊ वर्षांपूर्वी आम्ही ठाण्यातच नव्या इमारतीत राहायला आलो. समोरचे कुटुंब तमिळ होते आणि चार महिन्यांत आमचे बोलणे हसण्यापलीकडे गेले नव्हते. संक्रांतीला मी त्यांच्याकडे एका स्टीलच्या वाटीत तिळाच्या वड्या दिल्या. वाटी चार दिवस परत आली नाही. पाचव्या दिवशी बेल वाजली आणि समोरच्या मामी दारात उभ्या होत्या. वाटीत गरम लिंबूभात होता आणि वर दोन तळलेल्या मिरच्या. दुसऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, हे त्यांच्याही आईने त्यांना शिकवले होते. चार दिवस त्या फक्त कढीपत्ता ताजा मिळायची वाट पाहत होत्या. त्या वाटीच्या कडेला माझ्या सासूबाईंचे नाव कोरलेले आहे. घासून घासून त्यातली दोनच अक्षरे आता वाचता येतात. अजूनही ती वाटी कधी त्यांच्या ओट्यावर असते, तर कधी माझ्या, आणि कुणीच ती मागून घेत नाही.

तुम्ही स्वयंपाक करत नसाल, तर तुमच्या वाटीत वेगळे काही असेल. तुम्ही आयुष्यभर बँकेत काम केले आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि मोबाइलवरून तो देताना अनेक ज्येष्ठांची तारांबळ उडते. खात्याला वारस लावणे, केवायसीचे कागद, मुदत ठेवीचे नूतनीकरण या गोष्टींनी लोक हैराण असतात. सोसायटीच्या कार्यालयात शनिवारी तासभर एक टेबल मागून घ्या आणि 'बँकेच्या कामात मदत' अशी चिठ्ठी सूचनाफलकावर लावा. कुणाचा पासवर्ड किंवा ओटीपी स्वतःकडे घ्यायचा नाही, हे पथ्य तुम्हाला मी सांगायला नको. महिन्याभरात लिफ्टमधले निम्मे लोक तुम्हाला 'काका' म्हणू लागतील, असा माझा भरवसा आहे.

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आरशासमोर रोज पाच मिनिटे हसल्याने मन आनंदी होते, असे एका व्हिडिओत पाहिले. हे खरे आहे का?

उत्तर : थोडेसे खरे आहे. दातांत पेन धरून चेहरा हसरा केला की व्यंगचित्रे अधिक विनोदी वाटतात, असा एक प्रयोग १९८८ मध्ये गाजला होता. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. त्यानंतर १९ देशांत मिळून झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मुद्दाम हसण्याने मनःस्थितीत किंचित फरक पडतो असे आढळले. किंचितच. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि तो जगभर पसरला. माझ्या मते त्यात हसण्याइतकाच रोज पाच माणसे भेटण्याचाही वाटा आहे. ती पाच मिनिटे आरशाला देण्याऐवजी शाळेतल्या जुन्या मित्राला फोन करण्यात घालवलीत, तर मला अधिक आवडेल.

प्रश्न : ताई, आम्ही पाचपाखाडीला राहतो. माझे पती वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. तीन महिन्यांपूर्वी कारखाना बंद झाला. तेव्हापासून ते बोलत नाहीत, पहाटे तीनला उठून बसतात, जेवण निम्म्यावर आले आहे, क्रिकेटचा सामनासुद्धा पाहत नाहीत. मी फ्रिजवर चांगल्या विचारांच्या चिठ्ठ्या लावल्या, त्यांना प्रेरणादायी व्हिडिओ पाठवले. परवा त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या. माझे काय चुकले?

उत्तर : तुमची तळमळ मला कळते. पण त्या चिठ्ठ्यांमधून त्यांना असे ऐकू आले असावे की, 'तुम्ही दुःखी आहात ही तुमचीच चूक आहे.' ज्या माणसाची नोकरी गेली आहे, त्याला वाईट वाटणारच, आणि ते वाटू देणे हाही त्याच्याविषयीचा आदर आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुम्ही लिहिलेली लक्षणे मला सवयींच्या कक्षेतली वाटत नाहीत. झोप उडणे, भूक मंदावणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणे, हे नैराश्याच्या आजाराकडे बोट दाखवते. या आजारावर उपचार आहेत. या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे न्या. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे; ते रुग्णालय १९०१ पासूनचे आहे, आणि त्याच्या नावाभोवती असलेल्या जुन्या समजुतींमुळे तिथे जायला संकोच करू नका. यायला ते तयार नसतील, तर आधी केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन करा. ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. 'जगून काय करायचे' अशा अर्थाचे काही त्यांच्या तोंडून आले, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

घरात एकच करा. संध्याकाळी 'चला, मला कचराळी तलावापर्यंत सोबत हवी आहे,' असे म्हणून त्यांना बाहेर काढा. तलावाभोवती एक फेरी मारा, दोन मारा. नोकरीचा विषय काढू नका, उपदेश करू नका, ते गप्प राहिले तर तुम्हीही गप्प राहा. उत्साह वाटला की बाहेर पडू, असे ते म्हणतील. या आजारात क्रम बहुधा उलटा असतो, आधी पाय चालतात आणि मन हळूहळू मागून येते. तुमच्याही मनावर हा भार तीन महिने आहे. तो एखाद्या बहिणीला, मैत्रिणीला मोकळेपणाने सांगा.

प्रश्न : मी कोपरखैरण्यातील ८४ सदनिकांच्या सोसायटीचा सचिव आहे. सभासदांमध्ये आनंदी वातावरण असावे म्हणून मी रोज सकाळी ग्रुपवर सुविचार टाकतो. काही जण अंगठा दाखवतात, काहींनी ग्रुप म्यूट केला आहे आणि दोघांचे त्यावरून भांडणही झाले. आनंद पसरवता येतो, असे म्हणतात. तो नेमका कसा पसरवायचा?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील हृदयरोगाच्या अभ्यासात सहभागी झालेल्या ४,७३९ जणांची १९८३ ते २००३ या वीस वर्षांतील माहिती जेम्स फाउलर आणि निकोलस क्रिस्टाकिस यांनी तपासली. आनंदी माणसांच्या मित्रांमध्ये, त्या मित्रांच्या मित्रांमध्ये आणि त्यांच्याही मित्रांमध्ये आनंद अधिक आढळतो, असे त्यांनी २००८ मध्ये मांडले. एकमेकांजवळ राहणाऱ्या मित्रांमध्ये आणि अगदी शेजारच्या घरात हा परिणाम जास्त दिसला. मुळात सारख्या स्वभावाची माणसेच एकत्र येतात, तेव्हा पसरले काय आणि आधीपासून होते काय हे वेगळे करणे अवघड आहे, असा आक्षेप इतर अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो मला रास्त वाटतो. तरीही, आनंद जवळच्या माणसाकडे प्रत्यक्ष भेटीतून जातो, हा त्यातला धागा आपल्या अनुभवाशी जुळणारा आहे.

सुविचार एकाच वेळी ८४ घरांत पोहोचतो, पण तो कुणा एकासाठी लिहिलेला नसतो. त्यात दखल नसते. त्यामुळे सुविचार थांबवा आणि त्याऐवजी आठवड्याला एका माणसाचे एक काम नेमके लिहून त्याला कळवा. 'तळमजल्याच्या आजींना परवा पावसात रिक्षापर्यंत छत्री धरून नेलेत, ते मी पाहिले,' एवढे एक वाक्य त्या एकाच माणसाला पाठवा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, आभाराचे पत्र लिहिणाऱ्याला वाटते समोरच्याला अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्याला तेवढे अवघडल्यासारखे होत नाही आणि आनंद मात्र लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होतो. शब्द नीट जुळले नाहीत, म्हणून आपण थांबतो. वाचणाऱ्याला फक्त त्यातली माया दिसते.

सोसायटीचा सचिव म्हणून तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा तुम्हाला ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागतेच. बहुतेक ठिकाणी ती पार्किंग आणि गळतीपासून सुरू होते आणि तिथेच तापते. यंदा हिशेबांच्या आधी दहा मिनिटे अभिनंदनाच्या ठरावांसाठी ठेवा. जिने झाडणाऱ्या मावशी, रात्रपाळीचा रखवालदार, पाण्याची मोटर सांभाळणारा मुलगा यांना सभेत बोलवा, त्यांची पूर्ण नावे घ्या, त्यांनी वर्षभरात केलेले एखादे ठळक काम सांगा आणि तो ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. मला एका सभेचे स्मरण आहे. तिथे सफाई करणाऱ्या मावशींचे आडनाव अकरा वर्षांत कुणालाच ठाऊक नव्हते. सभेत ते प्रथमच उच्चारले गेले, तेव्हा त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, पदर नीट केला आणि त्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी पार्किंगचा वाद झालाच, पण आवाज चढले नाहीत.

थोडा पैसा खर्च करायचा असेल, तर तो सभासदांच्या हातून होऊ द्या. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ४६ जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले आणि ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर किंवा दुसऱ्यावर खर्च करायला सांगितले. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदी होते आणि रक्कम पाच होती की वीस, याने फरक पडला नाही. दिवाळीची भेट सोसायटीच्या निधीतून एकगठ्ठा देण्याऐवजी एकेका मजल्याने एकेका कर्मचाऱ्यासाठी, त्याच्या मुलांची इयत्ता विचारून, वह्या-दप्तर आणले, तर मुलांपर्यंत वस्तू जाईल आणि देणाऱ्याला त्या मुलांची नावेही कळतील. यातले काहीही सक्तीचे करू नका आणि कुणी किती दिले याची यादी फलकावर लावू नका. भांडण झालेल्या त्या दोन सभासदांकडे मात्र तुम्ही स्वतः जाऊन चहा घ्या.

प्रश्न : मी कळव्याला राहते आणि सहावीत आहे. माझे आजोबा गावाहून आमच्याकडे राहायला आले आहेत. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून ते गप्प बसतात. मी त्यांना रोज 'कसे आहात?' विचारते, ते 'बरा आहे' म्हणतात आणि बोलणे संपते. त्यांना आनंद वाटावा म्हणून मी काय करू?

उत्तर : बाळा, तुझे पत्र मी तीनदा वाचले. 'कसे आहात?' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते, म्हणून तुझे बोलणे तिथे थांबते. उद्यापासून आजोबांना असे विचार, की ज्याचे उत्तर त्यांना हातांनी दाखवावे लागेल. पतंगाचे मंगळसूत्र (मांजा जोडायचा दोरा) कसे बांधायचे, विहिरीतून पाणी काढताना घागरीला कोणती गाठ मारायची, पत्रावळीचे पान चोयांनी (बारीक काड्यांनी) कसे टाचायचे, हे त्यांना बहुतेक येत असेल. दोरी घेऊन त्यांच्या समोर बस, म्हणजे त्यांना तुझे ओठही दिसतील. हळू आणि स्पष्ट बोल, ओरडू नको. ओरडलेले शब्द त्यांना उलट कमी कळतील. आई-बाबांना सांग की आजोबांचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवेत, कदाचित श्रवणयंत्राने त्यांना पुष्कळ ऐकू येईल. पहिल्या दिवशी गाठ सुटली, तर तू ती मुद्दाम सुटी राहू दे आणि दुसऱ्या दिवशी 'आजोबा, पुन्हा दाखवा' म्हण. कुठली गाठ शिकलीस, ते चित्र काढून मला पाठव.